पदरचं

“मावशी, तू सांगितलंस ते पुस्तकात नाहीचये.”

भाचीचा फोन रात्री साडेदहाला आला. तिच्या वयाच्या मुली फोन करत नाहीत, मेसेज टाकतात, त्यामुळे आधी पोटात धस्स झालं. प्रकरण वेगळंच निघालं. तेराव्या वाढदिवसाला मी तिला ‘पाडस’ दिलं होतं, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं. पुस्तक नुसतं देऊन गप्प बसावं ना? पण माझी जुनी खोड. देता देता मी तिला शेवटाकडचा तो प्रसंग सांगून टाकला. ज्योडीला आपल्या हातानं पाडसाला गोळी घालावी लागते, त्यानंतरचा. तो बंदूक बाजूला टाकतो आणि हातांनीच जमीन उकरायला लागतो. माती ओली असते, नखांत जाऊन बसते. खड्डा पुरेसा होत नाही, पाडसाचे पाय बाहेर राहतात, म्हणून तो ते हळूच दुमडतो. मग वर पानं, पानांवर माती. आणि सगळं झाल्यावर तो झऱ्यावर जातो, सुरुवातीला त्यानं तिथं पाण्यात लावलेली खेळण्यातली पाणचक्की उपटून आणतो आणि त्या ढिगावर खोचतो. पाणी नसल्यामुळे ती फिरत नाही. इथं मी थांबते. गेली तीसेक वर्षं मी बरोबर इथंच थांबत आले आहे, आणि समोरचा माणूस कितीही निबर असला तरी घटकाभर गप्प होतो हे मला पक्कं ठाऊक आहे.

“मी दोनदा बघितलं,” भाची सांगत होती. “तो गोळी घालतो आणि पळून जातो. पुरत बिरत नाही.” मी म्हटलं, नीट बघ, घाईत वाचलं असशील. तिनं एक सुस्कारा टाकला, तेरा वर्षांच्या मुली मोठ्या माणसांसाठी राखून ठेवतात तसला, आणि म्हणाली, “पण तुझं वालं जास्त सॅड होतं.”

फोन ठेवला आणि कपाटाशी गेले. माझी प्रत वरच्या खणात, दुसऱ्या ओळीत. काढताना पुढची तीन पुस्तकं पायावर पडली. उभ्याउभ्याच शेवटचे भाग वाचायला घेतले. सगळं होतं. हरणाच्या पिल्लाचं वाढणं, कुंपणावरून उडी मारून शेतातलं कोवळं पीक खाणं, पुन्हा पेरलेलं पुन्हा खाणं. अंथरुणाला खिळलेला बाप, त्याचा तो न टाळता येणारा हुकूम. ज्योडीच्यानं ते होत नाही, शेवटी आई बंदूक उचलते, तिचा नेम नीट लागत नाही, आणि तडफडणाऱ्या पिल्लाला सोडवायचं काम अखेर पोरावरच येतं. मग तो पळतो. पळत सुटतो, घर सोडतो, उपाशीपोटी भटकतो आणि परत येतो.

पुरणं नव्हतं.

पहिला संशय पटवर्धनांवर गेला. म्हटलं, मराठीत आणताना त्यांनी काही गाळलं असेल. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांचं १९३८ सालचं मूळ इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि ते दोन भाग शब्द न शब्द वाचले. पटवर्धन निर्दोष सुटले. खड्डा नाही, दुमडलेले पाय नाहीत, ढीग नाही. पाणचक्की मात्र आहे, आणि तिनं मला जास्त अस्वस्थ केलं. भटकून घरी परतताना ज्योडी त्याच झऱ्यावर थांबतो आणि पुन्हा एक चक्की करून पाण्यात लावतो. ती फिरते. पहिल्यासारखीच फिरते. पण त्याला आता नुसती पाण्याला घासणारी पानाची पट्टी दिसते, त्यात काही उरलेलं नाही, आणि तो ती लाथेनं मोडून टाकतो. म्हणजे माझी चक्की फिरत नव्हती म्हणून मी लोकांना रडवत होते, आणि बाईंची चक्की फिरते, फिरूनही काही होत नाही. दोन्हींत थोर कोणती हे सांगायला समीक्षक नको. माझा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो आणि संपतो. बाईंचा डोळ्यांपर्यंत येतच नाही, खाली कुठंतरी जाऊन बसतो. तीस वर्षं मी एका चांगल्या पुस्तकाची कमअस्सल नक्कल वाटत हिंडत होते, आणि वर तिला ‘मला फार आवडलेला प्रसंग’ म्हणत होते.

धाकट्या बहिणीला विचारलं. लहानपणी आम्ही दोघींनी ते एकत्रच ऐकलं होतं, आई रात्री वाचून दाखवायची तेव्हा. ती म्हणाली, “पुरलं? ते तर जगतं ना गं ताई शेवटी?” मग थोडा विचार करून म्हणाली, “मी बहुतेक त्याआधीच झोपले असेन.” एका अंथरुणावर ऐकलेलं एक पुस्तक. तिचं पाडस अजून जंगलात उड्या मारतंय आणि माझं व्यवस्थित पुरलं गेलंय.

खरं तर असा पोपट व्हायची ही पहिली वेळ नव्हती. काही वर्षांपूर्वी चारचौघांत बोलताना मी महाभारताचा दाखला दिला होता. पांडव हिमालयात शेवटच्या वाटेवर निघालेत, द्रौपदी कोसळते, बाकीचे पुढे चालत राहतात, एकटा भीम मागे वळून तिच्याजवळ येतो. तिला कळतं की आपल्यावर खरी माया याचीच होती. आणि मरता मरता ती त्याला सांगते की पुढच्या जन्मी तू पाचांतला थोरला हो. मी हे अगदी व्यासांच्या नावावर खपवलं. समोर संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी फार सौम्यपणे विचारलं, “कुठल्या पर्वात हो?” महाप्रस्थानिक पर्व मोजून तीन अध्यायांचं. त्यात द्रौपदी पडते, भीम विचारतो की ही का पडली, युधिष्ठिर उत्तर देतो की तिचा अर्जुनाकडे पक्षपात होता, आणि मागे न बघता चालू लागतो. द्रौपदी तिथं एक शब्द बोलत नाही. बोलते ती इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये.

आणि मौज अशी की इरावतीबाईंनी काहीही लपवलेलं नाही. मानववंशशास्त्राच्या बाई त्या. भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती समोर ठेवून, एकेका पात्राचं नातं-गोतं तपासत, कुठं भाबडेपणा न करता त्या लिहीत जातात. द्रौपदीच्या शेवटाशी आल्यावर मात्र त्यांचाही जीव राहिला नसावा. पण तिथं त्या थबकतात आणि सांगून टाकतात की इथपर्यंतचं महाभारतातलं, यापुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. मी ती ओळ वाचलेली होती. वाचली, ओलांडली आणि विसरले. नरोटी तेवढी घट्ट धरून ठेवली. माझ्यासारखे कितीजण असतील कोण जाणे. त्या प्रसंगाला आता सर्रास ‘महाभारतातला’ म्हणतात, आणि दरवेळी ऐकताना माझे कान तापतात, कारण मीही त्या पालखीला खांदा दिलेला आहे.

तो शब्द त्यांनी एकनाथांकडून उचललेला. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. त्यानंतर तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती, आणि उतरवणाऱ्यांनी तिच्यात काय काय घातलं होतं. शके १५०६ मध्ये नाथांनी ते सगळं पाखडून काढलं, शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि शेवटी दम भरला की यापुढे ज्ञानेश्वरीत जो कुणी आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. शाळेत हे शिकताना नाथांची बाजू मला स्वच्छ पटली होती. आता मात्र माझं मन त्या दुसऱ्या माणसाकडे जातं, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही. ज्ञानेश्वरी उतरवत बसलेला कुणी एक. बोरू, दौत, मांडीवर फळा, उजेड जाऊ लागलेला. एका ओवीशी तो थांबतो. ती त्याला अशी काही लागते की पुढची ओवी लिहिण्याआधी त्याच्याच आतून एक येते, साडेतीन चरणांची, त्याच चालीची. तो ती लिहून टाकतो. त्याला वाटतही नसेल की आपण काही घातलं. त्याला वाटत असेल की हे इथं होतंच, आधीच्या उतरवणाऱ्याकडून राहून गेलं. आदर नसता तर त्यानं निमूट नक्कल केली असती. अर्थात नाथ बरोबरच होते. प्रत्येकानं असं केलं तर ताटात अमृत किती आणि करवंट्या किती. पण करवंटी ठेवणारा जेवायलाच बसला होता, उष्टं करायला नव्हे, एवढं तरी मला त्याच्या वतीनं म्हणावंसं वाटतं.

मराठीत आपण याला किती साधा शब्द ठेवलाय. पदरचं घालणं. ‘पदरचे पैसे घातले’ यातही तेच आणि ‘पदरचं सांगू नकोस’ यातही तेच. एकात कौतुक, दुसऱ्यात ठपका.

या भानगडीनंतर मला एक खूळ लागलं. आवडती म्हणून मिरवलेली पुस्तकं एकेक करून काढायची, आधी आपल्याला काय आठवतंय ते कागदावर लिहायचं आणि मग पुस्तक उघडायचं. हा खेळ कुणी खेळू नये. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घेतला, कारण तिथं मी सुरक्षित असेन अशी खात्री होती. घडलेली हकीकत, सत्तावनच्या धामधुमीत सापडलेला माणूस, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेला. त्यात मी काय घालणार? घातलं नव्हतंच फारसं. पण हातात होतं ते तरी भटजींचं होतं का? दक्षिणेच्या आशेनं घरावरचं कर्ज फेडायला निघालेल्या विष्णुभटांनी ते सगळं लिहून काढलं पंचवीसेक वर्षांनी, आठवून आठवून. चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं १९०७ साली, भटजी गेल्यानंतर, आणि छापताना त्यावर हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी पुस्तक काढलं ते १९६६ साली. मी विशीत वाचलं होतं ते वैद्यांचं. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या तर एक माणूस इस्त्रीचे कपडे घालून बसल्यासारखा आणि तोच माणूस ओसरीवर उघडाबंब बसल्यासारखा वाटतो. मला दुसरा जास्त आवडतो. पण प्रेमात पडले होते ते पहिल्याच्या, हे कसं विसरू?

तरी एक गोष्ट दोन्हींत तशीच आहे आणि माझ्या कागदावरही तशीच उतरली होती. पैसा मिळवायला गेलेला हा माणूस पुन्हा पुन्हा लुटला जातो, आणि परतताना खांद्यावर काय घेऊन येतो, तर गंगेच्या पाण्याची कावड. आईवडिलांना त्या पाण्यानं आंघोळ घालायला. इतक्या मुलखातून, इतक्या गोळीबारातून, हिंदकळणारं पाणी. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं की फारच जुळवून आणलंय. हकीकत म्हणून सांगितलं की मुकाट मान्य. घडलेल्याला केवढी सूट देतो आपण.

चरित्रकाराला मात्र ती सूट उलट्या बाजूनं महागात पडते. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ मी आजवर किमान दहा जणांना दिलं असेल. १९८१ साली आलेलं ते पुस्तक अजूनही वाचणाऱ्याला सरळ करतं, याला माझ्या घरातच दोन पुरावे आहेत. लोक त्यातला भुईमूग सांगतात, कार्व्हरची चिकाटी सांगतात, टस्कीगीची प्रयोगशाळा सांगतात. मी दरवेळी पहिल्या काही पानांतच अडकते. पळवून नेलेली गुलाम बाई, मेरी, आणि तिचं तान्हं पोर. मालक घोडा देऊन पोर परत मिळवतो. आई मिळत नाही. कधीच मिळत नाही. तिचं पुढं काय झालं याची कुठं नोंदच नाही, म्हणून लेखिका पुढं जाते. जायलाच हवं. चरित्रात पदरचं घालायची सोय नसते, जिथं कागद संपतो तिथं गप्प बसावं लागतं. पण त्या रिकाम्या जागेकडे बघत मी बराच वेळ बसून राहते, आणि खोटं कशाला बोलू, एकदा मी मेरीला परत आणलंही होतं. मनातल्या मनात. वर्गाच्या दाराशी उभी राहिलेली एक म्हातारी बाई, आत तिचा मुलगा फळ्यावर शेंगेचं चित्र काढतोय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण सांगितलं नाही एवढंच. अजून दहा वर्षांनी मला ते पुस्तकातलं वाटायला लागलं तर?

घालण्याचं झालं तेवढं, गाळण्याचं कुणी विचारत नाही. ‘कोसला’ घ्या. १९६३ सालची ती कादंबरी आमच्या कॉलेजात मुलं तोंडपाठ म्हणायची, आणि त्यात मीही होते. पांडुरंग सांगवीकरच्या उदाहरणार्थ वगैरे. खेळासाठी प्रत कपाटातून काढली, मिटलेलीच टेबलावर ठेवली आणि सहज बाजूनं बघितलं. कडेला बोटांचे डाग पडून पानं मळकट राखाडी झालेली, आणि मधेच एक बारीक पांढरी रेघ. कोऱ्या पानांची. उघडलं तर तो भाग, त्याची धाकटी बहीण जाते तो. म्हणजे इतक्या वेळा वाचली वाचली म्हणून सांगते त्यातल्या एकदाच मी ते वाचलं आहे, पुढं दर वेळी तेवढं टाकून गेले आहे. नेमाडे विनोदी लिहितात असं मी बेलाशक सांगत फिरले, याचं कारण ती पांढरी रेघ.

लक्ष्मीबाई टिळकांनी तर माझी पुरती लाज काढली. ‘स्मृतिचित्रे’च्या माझ्या प्रतीत समासात पेन्सिलीनं खुणा आहेत, वय वर्षं एकोणीस-वीसच्या. हसू आलं की मी ‘धमाल’ लिहायचे, खाली दोन रेघा. सोवळ्यानं झपाटलेल्या वडिलांच्या पानांवर ‘धमाल’. नवऱ्याच्या, म्हणजे टिळकांच्या, विसरभोळेपणावर ‘धमाल’. ठीक. पण १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाल्याचं कळल्यानंतरची जी पानं आहेत, लहानग्या दत्तूला घेऊन बाई इकडून तिकडे माणसांच्या आधारानं दिवस काढतात ती, त्यांतही एके ठिकाणी ‘धमाल’. बाईंनी तिथंही काहीतरी गमतीचं सांगितलंय हे खरं. त्यांना रडायला बसवलं तरी त्या खळी पाडून सांगतात. पण त्या विनोदाच्या खाली काय आहे ते एकोणिसाव्या वर्षी मला दिसलं नाही, आणि आता त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. खोडरबर घेऊन बसले होते. पेन्सिल पुसली गेली, पण कागदावर शिसाचा दाब राहिला आहे. तिरपं धरलं की वाचता येतं.

एवढं सगळं झाल्यावर मी आईला फोन केला. आधीच करायला हवा होता. डोक्यात एक गोष्ट हळूहळू आकार घेत होती आणि ती मला इतकी आवडायला लागली होती की विचारून तिची वाट लावायची छाती होत नव्हती. गोष्ट अशी की आई वाचत असणार त्या रात्री. बहीण झोपलेली, मी टक्क जागी. पुस्तक डाव्या हातात, उजवा हात बहिणीच्या पाठीवर. पान उलटायच्या वेळी ती पाठीवरचा हात उचलायची, बोटाला जीभ लावायची, पान उलटायची आणि हात पुन्हा पाठीवर ठेवायची. त्या रात्री गोळी सुटली, आणि पुढच्या पानावर तिनं बघितलं असेल की पोरगा नुसता पळत सुटतो, पिल्लू तिथंच पडलेलं. माझ्याकडे बघितलं असेल. या पोरीला आता असं झोपवायचं कसं? आणि छापलेल्या पानाकडे बघत, आवाज जराही न बदलता, तिनं ते पुरलं असेल. नखांत माती, दुमडलेले पाय, वर पानं. तिच्याजवळ होती नव्हती तेवढी सगळी माया घालून. मला तर तिचं ते थांबणंही आठवायला लागलं होतं. पान उलटायला जरा उशीर झाला होता. आता हे खरंच आठवतंय की संशय आल्यावर मी ते तिथं नेऊन ठेवलं, हे कोणत्या कोर्टात ठरवायचं?

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी काय पदरचं घालते?”

दुखावलीच जरा. “छापलं होतं तेच वाचलं. मास्तरांच्या घरात वाढलेय मी. अक्षर इकडचं तिकडे केलं तर छडी बसायची.” मी म्हटलं, अगं, कौतुकानंच विचारतेय. “कौतुक कसलं? खोटं वाचलं म्हणतेस आणि कौतुक.” आणि मग जे बोलली त्यानं माझी गोष्ट पार लंगडी झाली. म्हणाली, “आणि ते पाणचक्कीचं आहेच की त्यात. पुरल्यावर लावतो ती. मला चांगलं आठवतंय.”

म्हणजे तीही तेच पुस्तक वाचलेली. माझं की तिचं, ते आता सुटत नाही. कदाचित त्या रात्री तिनं घातलं आणि विसरली. कदाचित मी घातलं, आणि इतकी वर्षं घरात ऐकवत राहिले, म्हणून तिच्यातही रुजलं. बहिणीला जिवंत पाडस, आम्हा दोघींना पुरलेलं, आणि खरं पुस्तक तेवढं भाचीकडे.

मागच्या महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, आणि इतक्यात वाचायचं नाही अशी ताकीद. वाचायचं नाही म्हटल्यावर तिला नेमकं वाचायचंच आठवायला लागलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “ते आण तुझं हरणाचं. बघूच कोण खोटं बोलतंय.” मी शेवटचेच दोन भाग वाचणार होते, तर तिनं सुरुवातीपासून लावलं. आठ दिवस लागले. ती डोळे मिटून पडायची, चष्म्याच्या काळ्या काचांमुळे झोपली की जागी कळायचं नाही, पण मी एखादं वाक्य गिळलं की लगेच म्हणायची, “काय? नीट वाच.” सापाचं विष उतरवायला ज्योडीचा बाप हरिणी मारतो तिथं तिनं च्यक् केलं. झऱ्यावरच्या पाणचक्कीला म्हणाली, “हां, ही. लक्षात ठेव.”

आठव्या दिवशी दुपारी आम्ही तिथं पोचलो. मी मुद्दाम सपाट आवाजात वाचत होते, कुठं काही जास्तीचं होऊ नये म्हणून. बापाचा हुकूम झाला. आईचा नेम चुकला. ज्योडी पिल्लामागे गेला. गोळी सुटली. माझा घसा दाटून आला, तो तसाच दाबून मी पुढं वाचत राहिले, तो पळत सुटतो, धडपडतो, पळत राहतो. आई उठून बसली. चष्मा तसाच, तोंड माझ्याकडे.

“थांब. पान गाळलंस तू.”

मी म्हटलं, नाही गं.

“एकदम दोन उलटलीस. बघ, चिकटली असतील. जुनं पुस्तक आहे.”

मी बोटाला जीभ लावली आणि पान मागे उलटलं.